चाळीस मेणबत्त्या

फादर डॉमनिकच्या पत्राला मी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. अंधेरीच्या आमच्या चर्चमधले मेणबत्तीसारखे, बटण दाबून कुणाच्या तरी नावाने लावायचे विजेचे दिवे कधीकाळी मीच बसवलेले. ते बंद पडलेत, दुरुस्त कराल का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. पण या वयात जमलं नाही तर? रविवारी मिस्साची प्रार्थना संपताच मी फादरना टाळून सटकायचो.

आज दुपारी चर्च रिकामं बघून गुपचूप गेलो. शेवटची तार जोडून मेन स्विच चालू केला, तेवढ्यात रोज प्रार्थनेला येणाऱ्या फिलोमिनाबाईंनी मागून येऊन एक बटण दाबलं.

"अहो काका, पेटली! माझ्या लेकाची मेणबत्ती! बंद होती तरी रोज दाबत होते मी!"

मग आम्ही दोघांनी भराभर बटणं दाबली. चाळीसच्या चाळीस पेटल्या!

घरी जाताना फादरना उत्तर पोस्टात टाकलं: 'प्रयत्न करून पाहतो. खात्री देत नाही.'