मागे थांबणारी पलटण

पेन्सिलीचं टोक नकाशावरच्या तिसऱ्या पलटणीवर येऊन टेकलं होतं आणि ब्रिगेडियरसाहेब ते उचलत नव्हते.

संध्याकाळपर्यंत सगळी ब्रिगेड पुलावरून नदीपार न्यायची होती. शत्रू पाठीवर होता. शेवटची गाडी पार होईपर्यंत एका पलटणीनं अलीकडच्या तीरावर थांबून त्याला अडवायचं, आणि मग जमेल तसं निघायचं. थांबणाऱ्यांतले किती परत येतील, हे कोणी बोलत नव्हतं. जनरलसाहेबांनी टेलिफोनवर एवढंच सांगितलं होतं, "एक पलटण मागे ठेवा. कोणती, ते तुम्ही ठरवा." लष्कराची उतरंड अशीच असते. वरचे सांगतात किती, खालचे विचारतात कोण, आणि उत्तर द्यायला मधे ब्रिगेडियर.

दुसरी पलटण पलीकडे रस्ता दुरुस्त करत होती. उरल्या पहिली आणि तिसरी. तिसरी त्यांची स्वतःची. तिथेच ते एकविसाव्या वर्षी लेफ्टनंट म्हणून आले आणि तिथेच कर्नल होऊन तिचे प्रमुख झाले. चार महिन्यांपूर्वी बढती मिळाली तेव्हा नियमाप्रमाणे पलटणीची टोपी, बिल्ला, खांद्यावरची हिरवी दोरी, सगळं उतरवून ठेवावं लागलं. ब्रिगेडियरला स्वतःची पलटण नसते. तिन्ही त्याच्या, म्हणजे एकही त्याची नाही. गाडीच्या पाटीवर एक तारा आला. साहेब गाडीत नसले की ड्रायव्हर त्या ताऱ्यावर कापडाचं टोपडं चढवी. जेवणाच्या टेबलावर एकच ताट मांडलं जाऊ लागलं. पन्नाशीत माणूस असा पोरका होतो, आणि वर लोक अभिनंदन करतात. बिल्ला टेबलाच्या खणात होता. दिवसातून एकदा तरी साहेब खण उघडून बघत आणि कोणी यायच्या आत बंद करत.

आपल्या जुन्या पलटणीला झुकतं माप दिलं, असं कोणी म्हणू नये, याची ते डोळ्यांत तेल घालून काळजी घेत. त्यामुळे चार महिने जे जे अवघड, ते तिसरीच्या वाट्याला. बर्फातली चौकी तिची, दलदलीतली गस्तही तिचीच. आजही तेच करायचं होतं. काळजावर दगड ठेवायचा आणि आकड्याभोवती गोल काढायचा.

तेवढ्यात तिसरीचा कर्नल आत आला. नकाशा कसा वाचायचा, हे त्याला साहेबांनीच शिकवलं होतं.

"सर, पुलाजवळ मोर्चे खणायला घेतलेत," तो म्हणाला.

"मी अजून हुकूम कुठे दिलाय?"

"वाट कशाला बघायची? आम्हीच थांबणार, हे पोरांनी सकाळीच ओळखलं." तो हसला. "साहेबांची लाडकी पलटण म्हणतात आम्हाला. लाडक्यांचे हे असे लाड."

"माणसं किती उभी आहेत तुमची?"

"तीनशे दहा. बाकीचे इस्पितळात. पाय बर्फानं सुजलेत. पण थांबू आम्ही, सर."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच साहेबांना लागलं. त्यांनी पुन्हा नकाशाकडे पाहिलं. पहिली पलटण सहाशे धडधाकट माणसांची. दोन महिन्यांच्या विश्रांतीनं ताजी, आणि पुलाआधीच्या टेकडीवर आधीच बसलेली. तिथला दगड न् दगड तिच्या ओळखीचा. कालच रुजू झालेल्या लेफ्टनंटलाही हे दिसलं असतं. साहेबांना दिसलं नव्हतं, कारण ते नकाशा बघतच नव्हते. लोक काय म्हणतील, ते बघत होते.

"मोर्चे सोडा," ते म्हणाले. "तिसरी सगळ्यांच्या आधी पार होईल."

कर्नलचा चेहरा पडला. "सर, बाकीचे काय म्हणतील?"

"म्हणायचं ते मला म्हणतील."

कर्नलनं कडक सॅल्यूट केला. एरवी तो दारात एकदा मागे वळून बघायचा. आज वळला नाही.

असा हुकूम टेलिफोनवर द्यायचा नसतो. साहेब स्वतः टेकडीवर गेले. पहिलीचा कर्नल उंच, अबोल माणूस. चार महिन्यांत त्याची गाडी 'हो सर'च्या पुढे गेली नव्हती. तिसरीचे ट्रक खाली पुलाकडे निघाले होते आणि टेकडीवरच्या प्रत्येकाला ते दिसत होते.

साहेबांनी हुकूम सांगितला. वाटेत कारणं पाठ केली होती, ती सांगितली नाहीत. आपल्या पोरांना सोडवलं आणि परक्यांना अडकवलं, असंच दिसणार होतं, आणि ते जन्मभर तसंच दिसणार होतं. इतकं एकटं त्यांना त्या एका ताटासमोरही वाटलं नव्हतं.

कर्नलनं वही काढून हुकूम लिहून घेतला, खाली वेळ टाकली. वही खिशात ठेवली. मग पहिल्यांदाच त्यानं साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं.

"एक बोलू, सर?"

"बोला."

"चार महिने जे अवघड असेल ते तुम्ही तिसरीला सांगत होतात. आमची माणसं मला विचारायची, साहेबांचा आपल्यावर भरवसा नाही का? मी काय सांगणार?" त्यानं टोपी सारखी केली. "पाहुण्यांसारखं ठेवलं होतंत आम्हाला. आज पहिल्यांदा घरचं काम सांगितलंत."