रंगवलेली खिडकी

थॉर्नकोट हाउसच्या दर्शनी भिंतीतली एक खिडकी खोटी होती. तिथं आत धुराडं होतं. पण दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात, म्हणून बांधणाऱ्यांनी विटांवर खिडकीच रंगवून टाकली, अर्ध्यावर ओढलेल्या पडद्यासकट. या घराच्या बांधकामाचा इतिहास लिहायला आलेल्या हेस्टर क्वेलला तिचं फार कौतुक वाटलं होतं.

आज सकाळी चहा पिऊन ती हिरवळीवर आली आणि जागीच थबकली. रंगवलेला पडदा पार खालपर्यंत उतरला होता.

तिनं बोट फिरवून पाहिलं. रंग कोरडा, जुनाट, भेगाळलेला.

"मिसेस टॅपली, ही परत कुणी रंगवली हो?"

घर सांभाळणाऱ्या मिसेस टॅपली दारात आल्या. खिडकी पाहताच त्यांनी हात पुसले, आत वळल्या आणि खोलीखोलीतले खरे पडदे खाली ओढू लागल्या. घरातलं माणूस गेलं की इथं असे पडदे ओढतात, हे हेस्टरला ठाऊक होतं. ती मागोमाग धावली.

"अहो, पण गेलं कोण? मालक लंडनला, घरात तर आपण दोघीच!"

शेवटचा पडदा ओढून मिसेस टॅपली हळुवारपणे म्हणाल्या, "तेच विचारणार होते, बाई. तुमच्या माणसांना कुठं कळवायचं?"