शिट्टीवरचा उतारा

जालिंदरनं बायकोला न विचारता थोरली लेक दुधनी गावच्या दारुड्याच्या घरात दिली, त्या दिवसापासून पारूबाई नवऱ्याला सकाळ-संध्याकाळ शिव्यांनी धुऊन काढत होती. पण त्याला फिकीर नव्हती. कापड मिलच्या मागांपुढं तीस वर्षं उभं राहून त्याचे कान गेले होते, आत नुसती शिट्टी वाजायची. त्या खडखडाटात कामगार एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचे. ओठ वाचायची ती सवय यालाही होती, त्यामुळं घरी तिनं तोंड उघडलं की ओठ दिसू नयेत म्हणून हा भिंतीकडं वळून बसायचा. सुटला!

यंदा डॉक्टरांनी त्याला खिशात डबी, कानात वायर असं ऐकायचं मशीन दिलं आणि गडी चुलीपुढून हलेना. ही शिव्या घालतेय आणि हा डोळे मिटून, डबीचं चाक फिरवत, कीर्तनाला बसल्यासारखा ऐकतोय!

"हसताय कशाला? मुडदा बशिवला तुमचा!"

"दागदर म्हनला, बाहेरचा आवाज कानात पडत ऱ्हायला की शिट्टी दबती. तू बोल की. लई बरं वाटतंय बग."

पारूबाईनं हातातली भाकरी परातीत टाकली. तिचा आवाज बंद झाला. थोड्या वेळानं कानातली शिट्टी पुन्हा चढायला लागली, तसे जालिंदरनं डोळे उघडले. ती अगदी पुढ्यात येऊन बसली होती. तिनं त्याची हनुवटी घट्ट धरली,

आणि थोरलीच्या लग्नापासूनच्या सगळ्या शिव्या पुन्हा पहिल्यापासून दिल्या, नुसत्या ओठांनी.