गरम टाकीतली नातवंडं

मे महिन्यात मालवणच्या प्रवाळांवर आता मासा उरत नसे. पाणी इतकं तापायचं, की पट्टेरी मासे धापा टाकत खोल, गार पाण्याकडे पळायचे आणि तिथे मोठ्या माशांच्या तोंडी पडायचे. म्हणून हेमांगी कुबलने किनाऱ्यावर गरम टाक्यांत मासे वाढवायला घेतले होते. पहिल्या पिढीने कसाबसा जीव धरला. तिची पिल्लं जरा धट्टीकट्टी निघाली. आज त्यांचीही पिल्लं मोठी होऊन समुद्रात गेली होती.

मागच्या वर्षी सोडलेले मासे दुपारपर्यंतही टिकले नव्हते. त्यामुळे होडीत बसलेल्या तिच्या बाबांना, एकेकाळच्या पट्टीच्या पाणबुड्याला, सकाळपासून विडीही सुचली नव्हती.

हेमांगीने बुडी मारली. पाणी अंगाला चहासारखं लागत होतं, पण मासे निवांत फिरत होते. एक नर एका दगडाशी घुटमळत होता. त्याने दगडावरचं शेवाळ खुडलं, शंखांचे तुकडे तोंडात धरून लांब नेऊन टाकले आणि जवळ आलेल्या हेमांगीच्या बोटाला कडकडून चावा घेतला. अंड्यांसाठी जागा साफ करताना हे मासे असेच चिडतात, हे तिने टाक्यांत कितीदा तरी पाहिलं होतं.

ती वर आली आणि होडीची कड धरून हसतच सुटली.

"गो बाये, जगले मां?" बाबांनी घाईने विचारलं.

"जगले काय विचारतास, बाबा! घर झाडतत!"

बाबांनी डोळे पुसले आणि तिला हात दिला.

"मगे वर ये बघू. नव्या संसारात आपण कित्याक डोकावूचा?"