कुणीही सांगितलं तरी

‘दुसरा सर्व्हर बंद असल्याची खात्री आहे का? हो की नाही?’ पडद्यावर एवढाच प्रश्न होता. दोन मिनिटं झाली तरी सर्व्हरबाईने उत्तर लिहिलं नव्हतं.

रुग्णालयात तिला सगळे सर्व्हरबाईच म्हणत. दोन सर्व्हर तिच्या ताब्यात. एक इथे तिसऱ्या मजल्यावर, दुसरा मैदानापलीकडच्या जुन्या इमारतीच्या तळघरात. आगबिग लागली तर दोन्ही एकदम जाऊ नयेत म्हणून मुद्दाम लांब ठेवलेले. नोंदी मात्र दोघांत मिळून एकाच डिस्कवर. लिहायचं कुणीतरी एकाने, दुसऱ्याने नुसतं तयार बसायचं. लिहिणारा पडला की मगच बसलेल्याने उठायचं. दोघांनी एकदम लिहायला घेतलं तर सगळा काला. मग कुणाचं रक्त कुणाच्या नावावर जाईल, देव जाणे. आज बारा वाजता तळघरातला लिहिणारा गप्प झाला होता. हाक मारली तर ओ देत नव्हता, आणि इथून बंद करायला जावं तर बंदही होत नव्हता.

“अहो, मेलाय तो,” मागे उभे असलेले साहेब म्हणाले. “हो लिहा आणि मोकळ्या व्हा.”

“गप्प आहे, एवढंच माहीत आहे. मेलाय कशावरून?”

दारात रक्तपेढीची ताई उभी होती. ऑपरेशनच्या खोलीत एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिला वाटेल ते रक्त चालत नव्हतं. कोणतं चालतं ते मागच्या तपासणीत सापडलं होतं, आणि ती तपासणी त्याच डिस्कवर होती.

“डॉक्टर म्हणतात, फार तर दहा मिनिटं,” ताई म्हणाली.

मैदान ओलांडून जाऊन यायलाच तेवढा वेळ गेला असता. सर्व्हरबाईने तळघराच्या पहारेकरी मामांना फोन लावला.

“मामा, सर्व्हरच्या खोलीत जा. त्याचा दिवा लागलेला दिसतो का?”

“दिसतो की. पंखा पण घरघरतोय.”

साहेबांनी ते ऐकलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणजे तो जिवंत होता. सर्व्हरबाईने एक ‘हो’ लिहायचीच खोटी होती, दोघे एकदम लिहायला लागले असते.

“मामा, मागे विजेच्या दोन वायरी आहेत. दोन्ही काढा.”

“ते नाही जमायचं, बाई.”

“का?”

“कागद लावलाय ना इथे. ‘हा सर्व्हर बंद करू नये. कुणीही सांगितलं तरी.’ खाली तुमचीच सही.”

“अहो, मग मीच सांगतेय. एक बाळंतीण टेबलावर आहे, मामा.”

“असेल. पण तुम्हीच बजावलं होतं, माझं नाव सांगून फोन आला तरी ऐकायचं नाही म्हणून.”

खरं होतं. दोन वर्षांपूर्वी अगदी असंच बजावलं होतं, वर आपल्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं. आता डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं.

साहेबांनी तिच्या हातातून फोन ओढून घेतला. “मी कोण बोलतोय माहीत आहे का?”

“नाही ना, साहेब. तेच तर म्हणतोय.”

तिने फोन परत घेतला. तीन मिनिटं त्यातच गेली होती. “मामा, तुम्हीच विचारा काहीतरी. मी मीच आहे हे तुम्हाला कशाने पटेल?”

तिने घड्याळाकडे बघितलं.

“कागद कशाने चिकटवला होता?”

तिला काही आठवेना. टाचण्या? डिंक? मग एकदम तो तपकिरी कापडी तुकडा डोळ्यांसमोर आला. “चिकटपट्टी संपली होती. तुमचा अंगठा कापला होता, त्याच्यासाठी आणलेली पट्टी तुम्ही मला दिलीत. मी नको म्हणत होते.”

“मी काय म्हणालो?”

“अंगठा काय, आपोआप भरून येईल.”

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला.

“मामा,” ती मोठ्याने म्हणाली, “काढल्यावर दोन्ही हातातच धरा. खाली ठेवल्या आणि कुणी येऊन परत लावल्या तर घात होईल. मी सांगेपर्यंत सोडू नका.”

घरघर एकदम थांबली. “काढल्या,” लांबून मामा म्हणाले.

तिने ‘हो’ लिहिलं. इथल्या सर्व्हरने डिस्क घेतली, नोंदी उघडल्या. ताईने हवी ती ओळ वाचली आणि ती पळत सुटली.

पाऊण तासाने ताईचाच फोन आला, रक्तस्राव थांबला म्हणून. सर्व्हरबाई टेबलावर डोकं टेकून रडली. मग डोळे पुसून एकेक नोंद तपासायला बसली. दोन वाजून गेल्यावर तिला मामा आठवले.

फोन लावला, कुणी उचलेना. तीनदा लावला. मग चपला घालायचंही भान न ठेवता ती मैदान ओलांडून तळघरात गेली.

मामा सर्व्हरच्या मागे ओणवे उभे होते. दोन्ही हातांत एकेक वायर. फोन समोरच्या स्टुलावर होता.

“वाजत होता,” मामा म्हणाले, “पण हात मोकळे नव्हते. ती बाळंतीण?”

“वाचली.”

“मग सोडू आता?”

“सोडा, मामा.”

त्यांनी प्रयत्न केला, पण बोटं आखडून बसली होती. तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट सोडवायला लागली. अंगठा सगळ्यात शेवटी सुटला. त्याच्यावर पांढरी, बारीक, भरून आलेली रेघ होती.