पोकळीचं वजन

वाघोलीच्या कॉलेजात तपासणी समितीचे अध्यक्ष मागच्या बाकावर येऊन बसले, तेव्हा कल्याणी मॅडम फळ्यावर दीर्घिका काढत होत्या. दिवसातला त्यांचा पाचवा तास होता. आवाज बसला होता.

"तारे इतक्या वेगाने फिरतात, की ही दीर्घिका केव्हाच विस्कटायला हवी होती. पण न दिसणारं काहीतरी तिला धरून ठेवतंय. ते काय, हे अजून सापडलेलं नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात, वेगळं शोधूच नका. आपण जिला रिकामी समजतो, त्या पोकळीतच कण सतत उमटतात आणि विझतात. कदाचित ही ओढ त्यांचीच असेल."

अध्यक्षांना तास आवडला. व्हरांड्यात ते प्राचार्यांना तसं म्हणालेही. मग त्यांनी हातातली कायम शिक्षकांची यादी पाहिली. "मॅडमचं नाव नाही यात."

"त्या तासिका तत्त्वावर आहेत, सर. अकरा वर्षं झाली. दर जूनला नवी ऑर्डर काढतो."

"मग नाही धरता येणार. भौतिकशास्त्राला शिक्षक शून्य लिहा."

समिती चहाला गेली. प्राचार्य कागद घेऊन अवघडल्यासारखे वर्गाच्या दारात उभे राहिले. "मॅडम, समितीने खुलासा मागितलाय. एकही शिक्षक नसताना निकाल शंभर टक्के कसा लागला? काय लिहू?"

कल्याणी मॅडम फळा पुसत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"लिहा, काहीतरी असावं. अजून सापडलेलं नाही."