गुरुजींचं वळण

सलिलचा भुतांवर विश्वास नव्हता. अपडेटवर होता. त्यासाठीच तो खराडीच्या कंपनीतून सदाशिव पेठेत, अंध विद्यार्थ्यांच्या मोडी लिपीच्या वर्गात आला होता.

टेबलावर एक यांत्रिक हात होता. त्याच्या पकडीत आपला हात द्यायचा. तो हात धरून मोडी गिरवून घ्यायचा. खालच्या प्लास्टिकच्या कागदावर अक्षर उठून यायचं, बोटांनी वाचण्यासारखं. वळण हिंदुराव गुरुजींचं. दिवाळीआधी त्यांनी सगळी अक्षरं यंत्राच्या स्वाधीन केली आणि दिवाळीनंतर ते गेले. कामं उरकून ठेवायची त्यांना सवयच होती.

"झालं अपडेट," सलिल म्हणाला. "शालू, बघ... म्हणजे, लिही."

शालूनं हात दिला. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ मारायची, मग तिला अक्षरं टांगायची. यंत्रानं सरळसोट रेघ ओढली आणि लगेच अक्षर सुरू केलं. शालूनं हात काढून घेतला.

"हा कोणाचा हात आहे?"

"गुरुजींचाच. फक्त थरथर काढली. आणि रेघेनंतर ते थांबून झटका देत होतं ना, तो बग होता."

"बग नाही हो दादा, तपकीर. रेघ झाली की गुरुजी चिमूटभर ओढायचे, की आलीच शिंक."

"म्हणजे आज पुन्हा गेले म्हणायचे," मागून पियुष म्हणाला.

"जुनंच राहू द्या ना," शालू हळूच म्हणाली. "त्यांचा फोटो लावलाय भिंतीवर. आम्हाला त्याचा काय उपयोग?"

"कंपनीला सुबक अक्षर हवंय गं. जुनं आज पुसावंच लागेल." तरी जाता जाता खात्री करावी म्हणून सलिलनं जुनं वळण चालू केलं आणि स्वतःचाच हात दिला.

यांत्रिक हात थरथरला. रेघ ओढली. थांबला. वर्ग एकदम चिडीचूप झाला. गुरुजी होते तेव्हा इतका कधी होत नसे. मग सलिलच्या मनगटाला खाडकन झटका बसला.

"शतंजीव!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

स्क्रीनवर अपडेटचा शेवटचा प्रश्न येऊन थांबला होता: जुनं वळण कायमचं पुसायचं? 'हो'चं बटण समोरच होतं. पण सलिलचा उजवा हात गुरुजींनी धरला होता, आणि ओळ अजून पुरी व्हायची होती.